तापल्यावर

गेली अठरा वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. पण यंत्राची परीक्षा पाहण्याचा योग परवाच आला.

आमच्या मांजरीच्या घरात नवा संगणक आला. सुटे भाग आणून चिरंजीवांनी तो स्वतःच जुळवला. प्रोसेसर मात्र माझ्या खिशाच्या मापाचा, इंटेल आय-थ्री १२१००. त्याला चार कोअर, म्हणजे राबणारे चार हात. "महागड्यात सोळासुद्धा असतात, बाबा," चिरंजीव म्हणाले. ही तक्रार की नुसती माहिती, ते मी विचारले नाही. गेल्या वर्षी त्याला बारावीला ५८ टक्के पडल्यापासून आम्ही एकमेकांना फारसे काही विचारीतच नव्हतो.

'सिनेबेंच' हा आमचा परीक्षक. एकच गुंतागुंतीचे चित्र तो प्रोसेसरकडून पुन्हा पुन्हा काढून घेतो, तेही सलग दहा मिनिटे!

"एकदा काढले की झाले. दहा मिनिटे छळ कशाला?" मी म्हणालो.

"पहिल्या मिनिटाला सगळेच पळतात, बाबा. तापल्यावर वेग टिकतो का, ते बघायचं असतं."

पंखा घोंघावू लागला. शंभर अंशांची लक्ष्मणरेषा जवळ आली की हा प्रोसेसर आपणहून वेग आवरतो म्हणे. आमचा पारा ७३वर थांबला. सर्व हातांच्या कामात तो महागड्यांच्या पुष्कळ मागे पडला. एका हाताच्या कामात मात्र फरक बेताचाच. आणि टिपणे लिहिणे, शब्द शोधणे ही माझी कामे बहुतेक एकाच हाताची!

मला 'परम'ची आठवण झाली. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाली. १९९१ साली डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथे 'परम ८०००' उभा राहिला, तोही लहान लहान ट्रान्सप्युटर एकत्र जुंपून. आमच्या मांजरीत तर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. उसाची पारख उंचीवर नव्हे, साखरेच्या उताऱ्यावर होते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. मी तेवढा १८ वर्षे एका आकड्याभोवती लाल वर्तुळ काढीत बसलो. तीन तासांच्या पेपरात मूल किती तापते, हे मोजण्याचे मला कधी सुचलेच नाही. घरच्या मुलाच्या बाबतीतही नाही.

"मग? पास की नापास, सर?" चिरंजीवांनी विचारले.

"पास," मी म्हणालो. जरा थांबून म्हणालो, "आणि जुळवणारासुद्धा."

तो काही बोलला नाही. वायर आवरता आवरता त्याने आपली खुर्ची तेवढी माझ्याकडे सरकवली.