आजीच्या डब्यातले दोन डॉलर

दादर, रविवार

चि. सोनूस,


तू पाठवलेले दोन्ही फोटो रात्री भिंगाखाली पाहिले. आधी एक कळकळीचं सांगणं : त्या नाण्यांना रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावू नकोस. आणि सराफाने चांदीचा भाव सांगितला म्हणून वजनावर देऊन तर मुळीच टाकू नकोस.

१८०२चं नाणं स्पॅनिश आहे. डोक्यावर पानांची माळ घातलेला राजा म्हणजे चौथा कार्लोस. नावापुढे चार उभ्या रेघा आहेत बघ. उलट्या बाजूला दोन खांबांमधली ढाल, आणि कडेने ‘हिस्पान एत इंड रेक्स’. त्यातलं ‘इंड’ तू भारत समजलीस, पण ते इंडीज, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहती. त्याच ओळीत ‘एम’वर इवलासा ‘ओ’ आहे : मेक्सिकोची टांकसाळ. तिथे पी, टी, एस एकमेकांत गुंतलेले असते, तर नाणं पोतोसीचं ठरलं असतं. ‘८ आर’ म्हणजे आठ रियाल, आणि ‘एफटी’ ही चांदीच्या कसाची हमी देणाऱ्यांची आद्याक्षरं.

आता नाणं आडवं धरून कड बघ. एक गोल, एक चौकोन अशी नक्षी असायला हवी. ओतीव नकलेत तिथे सांधा दिसतो. वजन २७ ग्रॅमच्या आसपास भरावं. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. हे सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर.

राजाच्या गालावरचे ठोके तुला खराबी वाटले. मला तेच सगळ्यात मोलाचे वाटतात. चिनी सराफ चांदी पारखून आपली खूण ठोकत. तिला इंग्रजीत ‘चॉप’ म्हणतात, तो आपला ‘छाप’च. हाँगकाँगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर अजून ‘श्रॉफ’ लिहितात, तोही आपला सराफ!

दुसरं नाणं १९११चं, ब्रिटिश व्यापारी डॉलर. एका बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं, दुसरीकडे त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया. पूर्वेकडच्या बाजारांना स्पॅनिश आणि मेक्सिकन चांदीची सवय झालेली. म्हणून हाँगकाँग आणि सिंगापूरकडच्या व्यवहारासाठी इंग्रजांनी १८९५पासून जवळपास त्याच वजनाचं हे नाणं पाडलं. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंग धर. बारीकसा ‘बी’ दिसतो ना? बॉम्बे. फोर्टातली, रिझर्व्ह बँकेसमोरची टांकसाळ, तुमच्या गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर! आजी म्हणायची, पणजोबांनी गोदीतून आणलं. इतकी वर्षं आपण त्याला परदेशी समजत होतो. मला तर रात्री झोपच लागली नाही.

दोन्ही वेगवेगळ्या कागदात गुंडाळून पुढच्या रविवारी घेऊन ये. येताना पर्समधली सुटी नाणीही चाळ. सालाखाली छोटा हिरा असेल, तर तेही त्याच टांकसाळीचं.

तुझा,
मामा