रूपक आणि पत्ता

अल्बेर कामूची ‘प्लेग’ (१९४७) ही कादंबरी आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकवली. ओरान शहराची बंद झालेली दारे म्हणजे फ्रान्सवरील जर्मन ताबा, असे रूपकाच्या अंगाने उलगडत जाताना तास रंगत असे. हा तास ज्या मुंबईत चाले, तिथे उंदीर हे रूपक नव्हते, हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही. विद्यार्थ्यांनीही विचारले नाही. परीक्षेला ते नव्हते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी ही गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. धान्यापाशी उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा, आणि आसपासच्या कोंदट खोल्यांतून दाटीने राहणारी कष्टकरी माणसे. सरकारला मात्र दोष हवेत दिसला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्राचा वारा शहरात यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते वस्त्यांमधून काढले गेले. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्यांची घरे पाडली, तितक्यांना नवी दिली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली. त्या अधिकच कोंदल्या. उत्तरेच्या मोकळ्या जमिनीवर दादर-माटुंग्याची ऐसपैस आखणी झाली. फाइव्ह गार्डन्सची ती सावली पुढे आमच्या वाट्याला आली. ती प्लेगची देणगी आहे, हे आम्हांस निवृत्तीनंतर कळावे, याची आज लाज वाटते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला पिसवांची गरज नव्हती. तरीही मुंबईत युरोपीयांमध्ये हजारी सुमारे ८ माणसे मेली आणि सरकारी नोंदींत ‘खालच्या’ ठरवलेल्या जातींच्या हिंदूंमध्ये ६१ हून अधिक.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. तिच्यासाठी महाराष्ट्रात कायदा वापरला तो १८९७ चाच, प्लेगच्या वेळचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई अँटॉप हिलच्या वस्तीत राहत. आम्ही त्यांना फोन केला, “येऊ नका, पगार चालू राहील.” फोन ठेवताना आपण बरेच उदार आहोत असे आम्हांस वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. पण ठेवण्याआधी त्या म्हणाल्या होत्या, “अहो ताई, एका खोलीत सात माणसं. बाहेर बसलं तर पोलीस हाकलतात. तुमच्याकडे आले असते तर दिवसभर तरी मोकळ्या हवेत राहिले असते.” आम्ही म्हणालो, “काळजी घ्या.”

त्या जुलैत महापालिकेच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली, इतर इमारतींतून १६ टक्के. तिन्हींपैकी एक विभाग आमचा, एफ-उत्तर. फाइव्ह गार्डन्स त्यात आणि अँटॉप हिलही त्यातच. मध्ये अर्ध्या तासाची पायवाट. ट्रस्टचे नकाशे पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा ते अंतर आम्ही पहिल्यांदा मोजले.

बाईंना जूनमध्ये ताप येऊन गेला होता. तपासणी कुणी केली नाही. सार्वजनिक नळावर आणि शौचालयापाशी रांग लावण्यावाचून गत्यंतर नव्हते, एवढेच त्या म्हणाल्या. ऑक्टोबरात त्या पुन्हा कामावर आल्या, दारातच थांबल्या आणि हात पुढे केले. त्यांच्यासाठी साबण आणि पाण्याची बादली आम्ही आधीच जिन्यात काढून ठेवली होती. आमचा साबण आत, न्हाणीघरात होता.