पदरचं एक वाक्य

गेल्या महिन्यात लेक चार दिवसांसाठी घरी आली होती. शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर तिनं फर्मान काढलं, "आज मी दाखवते तो सिनेमा बघायचा. ब्राझीलचा आहे, भाषा पोर्तुगीज. खाली अक्षरं येतील, तेव्हा चष्मे लावून बसा." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली अक्षरांचा सिनेमा म्हटला की आमच्यापैकी एकाची डुलकी ठरलेली. पण त्या रात्री डुलकी सोडाच, नंतरचा चहासुद्धा कोणाला आठवला नाही.

सिनेमाचं नाव 'सेंट्रल स्टेशन'. वॉल्टर सॅलिस या दिग्दर्शकाचा, १९९८ सालचा. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च बक्षीस मिळालं होतं. रिओच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात डोरा नावाची निवृत्त शिक्षिका टेबल टाकून बसते आणि निरक्षर लोकांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते. आमच्या डोळ्यांसमोर लगेच मुंबईचं जीपीओ आलं. तिथंही ताडपत्रीखाली बसून पत्रं आणि मनीऑर्डरी लिहून देणारी मंडळी असत. फरक एवढाच, की ही डोराबाई पत्रं घरी नेते, मैत्रिणीबरोबर वाचून त्यांची टिंगल करते आणि बरीचशी पोस्टात टाकतच नाही. काही फाडते, काही खणात कोंबते.

एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तिच्याकडे येते, मुलाच्या बापाला पत्र लिहून घेते आणि थोड्याच वेळात स्टेशनाबाहेर बसखाली सापडून मरते. पोरगा स्टेशनात एकटा उरतो. आता डोराच्या मायेला पाझर फुटणार, असं आम्हाला वाटलं. छे! ती त्याला मुलं परदेशी दत्तक देतो म्हणणाऱ्या लोकांना विकते आणि आलेल्या पैशांतून टीव्ही घेते. मग मैत्रीण झाडते, मनही खायला लागतं, आणि ती त्याला पळवून आणते. दोघं बापाच्या शोधात देशाच्या दूरच्या, कोरड्या ईशान्य भागाकडे निघतात. पोराचा, म्हणजे जोझुएचा, तिच्यावर काडीचा विश्वास नाही, आणि तो का असावा?

आम्हाला आवडलं ते हे, की दोघांची मैत्री गोडगोड बोलण्यातून होत नाही. यात्रेच्या गावी पैसे संपलेले, पोटात अन्न नाही, डोरा गर्दीत चक्कर येऊन पडते. शुद्धीवर येते तेव्हा तिचं डोकं पोराच्या मांडीवर असतं. दुसऱ्या दिवशी पत्रं लिहायची युक्ती त्यालाच सुचते. तो ओरडून गिऱ्हाइकं गोळा करतो, ती लिहिते. आणि या वेळची पत्रं ती खरोखर पोस्टात टाकते.

डोराचं काम फर्नांडा माँटेनेग्रो या थोर अभिनेत्रीनं केलं आहे. त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. पुढं २०२५ साली तिच्या मुलीलाही याच दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी ते मिळालं. जोझुए झालेला मुलगा मात्र विमानतळावर बूटपॉलिश करताना दिग्दर्शकाला सापडला होता!

शेवटी बाप भेटत नाही, जोझुएचे दोन सावत्र भाऊ भेटतात. घरात बापाचं एक पत्र आहे, पण ते वाचायला कोणी नाही. डोरा वाचून दाखवते. वाचता वाचता क्षणभर थांबते आणि ज्यांना भेटायची बापाला ओढ आहे त्यांच्या नावांत जोझुएचंही नाव घालते. पत्रात ते नसतं. पोरगा नुसता ऐकत राहतो.

इथं आमच्या दोघांच्याही गळ्याशी आलं. लेकीनं विचारलं, "काय झालं?" तिला आम्ही जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

आम्ही १९८३ साली या देशात आलो. आई (एकाची आई, दुसरीची सासू) चिपळूणजवळच्या गावी एकटी राहायची. मोतीबिंदूनं तिची नजर गेली होती. फोन शेजारीपाजारी कुठं नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त पत्रांवर. शेजारचा पाचवीतला मुलगा आमची पत्रं तिला वाचून दाखवायचा आणि तिची पत्रं लिहून द्यायचा. मोबदल्यात रव्याचा लाडू. आमची पत्रं कशी? "ड्राफ्ट पाठवला आहे, मिळाल्याचं कळव. औषध वेळेवर घे. इथं थंडी फार." खाली सही. नोकऱ्या, हप्ते, लहान मूल, वेळ कुठला? आपण नियमित लिहितो याचाच आम्हाला कोण अभिमान!

आई १९९१ साली गेली. आम्ही वेळेवर पोचलो नाही. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा तो मुलगा भेटायला आला. चांगला उंच झाला होता, नुकताच कॉलेजात जायला लागला होता. आम्ही त्याचे आभार मानले. तो चप्पल चाचपत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, काकू, रागवू नका. तुमची पत्रं फार लहान असायची. वाचून झालं तरी आजी तशीच कान देऊन बसायची. मग मी पदरचं एखादं वाक्य घालायचो. तुमची आठवण येते, तुमच्या हातची आमटी आठवते, असं काहीतरी."

आम्ही विचारलं, "तिला कळलं नाही?"

"कळायचं की! एकदा म्हणाली, हे तुझं वाक्य आहे रे मेल्या. पण वाच परत."

त्या दिवशी आम्ही श्राद्धाचं जेवण कसं जेवलो ते आठवत नाही. ती मैत्री आमच्याच अंगणात झाली होती, साठी उलटलेल्या बाईची आणि दहा-बारा वर्षांच्या पोराची, आणि आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. आमच्या वाट्याचं काम तो लाडवावर करत होता. त्यानं केलं ते खोटं म्हणायचं का? डोराचं खोटं म्हणायचं का? आम्हाला तर खोटी वाटतात ती आमचीच पत्रं, ज्यांत एकही शब्द चुकीचा नव्हता.

लेकीनं ते सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आजीची पत्रं कुठं आहेत?" रात्री एक वाजता माळ्यावरून बिस्किटांचा डबा खाली आला. ठळक, गोल, शाळकरी अक्षर. तिला मराठी बोलता येतं, वाचता फारसं येत नाही, म्हणून आम्ही वाचू लागलो. "अंगणातली अबोली फुलली आहे. तुम्ही दोघं फार दगदग करू नका. मी मजेत आहे, काळजी नसावी." यातलं आईचं कोणतं आणि त्या पोराचं कोणतं, हे आता सांगता येत नाही. नजर गेलेल्या आईला अबोली फुललेली कळली, ती त्यानं सांगितल्यामुळेच ना?

मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी असा डबा असेल. सिनेमा जरूर बघा, आणि मग डबाही उघडा. त्या मुलाचा, म्हणजे आता पन्नाशीला आलेल्या गृहस्थांचा, फोन नंबर आमच्याकडे आहे. पण आम्ही फोन केला नाही. रविवारी सकाळी कागद घेऊन बसलो, आणि या खेपेला पत्र चार पानी झालं.