माझीही फाईल

रद्दीवाला दारात उभा होता, म्हणून ती फाईल सापडली. मुलीचे लसीकरणाचे कार्ड कपाटात, कागदांच्या पेटीत जपून ठेवलेले; आणि माझी बाळंतपणाची फाईल जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात.

मी उर्दू शाळेत शिकवते. 2017 साली दिवस गेले होते. सातव्या महिन्यात पाय सुजले, बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "पहले बच्चे में पाँव सूजतेच हैं, दुल्हन." मीही तेच मानले. आठव्या महिन्यात डोके ठणकू लागले आणि फळ्यावरची माझीच अक्षरे मला अंधुक दिसू लागली. तपासले तर बीपी 160/110, लघवीत प्रथिने. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने दिली आणि सिझेरियन केले. मुलगी 1800 ग्रॅमची, पण खणखणीत रडली. मुसीबत टळली म्हणून सर्वांनी अल्लाहचे शुक्र मानले.

बीपीच्या गोळ्या मी चिल्ला होईपर्यंत घेतल्या. मग कोणी म्हणाले, बाळ अंगावर पिते, गोळी कशाला? मी बंद केल्या. घरात हरीरा होता, डिंकाचे लाडू होते, माया होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बच्ची कैसी है?" लस द्यायला मी किती वेळा दवाखान्यात गेले! बाळाचे वजन झाले. माझे बीपी कोणी मोजले नाही, आणि मीही मोजा म्हटले नाही.

मुलगी दहा महिन्यांची असताना शाळेत आरोग्य शिबिर झाले. मुलांनंतर शिक्षकांची पाळी. सिस्टरने माझ्या दंडाला दोनदा पट्टा बांधला. 170/104. मला तर काहीच होत नव्हते!

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावले. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास बीपी पुन्हा चढू शकते. बहुतेकींचे बारा आठवड्यांत उतरते; ज्यांचे उतरत नाही त्यांना उपचार चालूच ठेवावे लागतात. ज्यांचे उतरते त्यांनाही पुढे कधीतरी बीपी जडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, हृदयविकाराचा आणि लकव्याचा जवळजवळ दुप्पट. म्हणून दरवर्षी मोजायचे. अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या असतात, हेही तेव्हाच कळले.

मग त्यांनी विचारले, "घरात कोणाला लकवा?"

अम्मीला. धाकट्या भावाच्या वेळी तिला गावी झटके आले होते. लोक म्हणाले, साया आहे. तिच्या दंडाला तावीज बांधला. ती वाचली. पुढे वीस वर्षे तिने आमच्यासाठी चूल फुंकली, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तिची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दोन वर्षे खाटेवर होती. त्या वीस वर्षांत तिचे बीपी कोणी मोजल्याचे मला आठवत नाही. या दोन गोष्टी मी पहिल्यांदा जोडल्या त्या दवाखान्याच्या त्या बाकावर. लकवा त्यामुळेच आला असे मी ठामपणे म्हणत नाही. पण मोजले असते तर कळले तरी असते.

अम्मीचा तो तावीज माझ्याकडे आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. ज्या दंडाला तो बांधला, त्याच दंडाला कोणी हा पट्टाही बांधायला हवा होता, एवढेच.

आज मी रोज गोळी घेते. रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारून तिची वेळ सहरी-इफ्तारला जुळवून घेते. फाईल आता मुलीच्या कार्डाशेजारी ठेवली आहे. ती मोठी झाली, तिला दिवस गेले, की डॉक्टर तिलाही विचारतील, आईला काय होते? तिला उत्तर माहीत असेल.

बहिणींनो, तुमची फाईल कुठे आहे?