खाडा

दादाला काम मिळालं ते माझ्या प्रबंधिकेमुळे. 1998 चा मे महिना. एम.ए.ची प्रबंधिका बांधून घ्यायला मी अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातल्या एका बाइंडरकडे गेलो होतो. आई गावाला गेलेली आणि दादाला एकट्याला घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून त्याला बरोबर नेलं. तो दारातच उभा राहिला. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "नाव काय रे तुझं?"

अकरा वर्षांत त्याला असं थेट कुणी विचारलं नव्हतं. नातेवाईक, शेजारी, दवाखान्यातल्या नर्ससुद्धा आईला नाहीतर मला विचारायच्या, "आता जेवतो का नीट?" आणि तो तिथंच समोर बसलेला असायचा. दादाला नाव सांगायला वेळ लागला. मी त्याच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी हातानं मला थांबवलं. दादानं नाव सांगितलं. मग काकांनी छापील फर्म्यांचा गठ्ठा आणि घडी दाबायची हाडाची पट्टी त्याच्यापुढे ठेवली. माझं काम होईस्तोवर त्यानं पंधरा-वीस घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून.

"उद्या अकराला ये," काका म्हणाले. त्यालाच.

दादाचा आजार 1987 चा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. होस्टेलची मुलं भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, अशी त्याची खात्री झाली. स्किझोफ्रेनिया हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दोन-तीन वर्षांच्या औषधांनी आवाज बरेचसे शांत झाले आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण मागे उरलं होतं ते वेगळंच. अंघोळीला उठवावं लागायचं. विचारलं तर एका शब्दात उत्तर. चेहऱ्यावर ना राग ना हसू. इंजिनिअरिंगचा पोरगा दुपारभर पंख्याकडे बघत पडलेला. बाबा त्याला आळशी म्हणायचे आणि मीही म्हणायचो.

आळस नव्हे, हा आजाराचाच भाग आहे, हे आईला पुण्यातल्या 'सा' संस्थेच्या स्वमदत गटात कळलं. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या या आजारानं त्यांना या कामाकडे वळवलं आणि ही संस्था उभी राहिली. तिथं रुग्णाला शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर. आवाज किंवा संशय यांच्यावर औषधं बरीच लागू पडतात, पण गेलेली उमेद औषधानं तितकी परत येत नाही, हे तिथं समजलं. खरं अपंगत्व या गेलेल्या उमेदीत असतं. 2004 साली याच आजारावरचा 'देवराई' हा चित्रपट बघून आई थिएटरबाहेर पायरीवर बसून रडली. घरी जे सतरा वर्षं चाललं होतं, ते चारशे माणसांनी एकत्र बसून पाहिलं, याचं ते रडू होतं.

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं बघून बघून शिकून घेतलं. रात्रीच्या गोळ्यांनी दादाला सकाळी जाग येत नाही, म्हणून वेळ अकराची. गोळ्यांनीच हात थरथरतो, म्हणून कटिंग मशीनजवळ जायचं नाही. घडी आणि खळ लावणं एवढंच. दोन कामं एकदम सांगितली की तो गोठून उभा राहायचा, तेव्हा एक झालं की दुसरं. रस्त्यावरच्या बोलण्यानं तो अस्वस्थ व्हायचा, म्हणून त्याचं स्टूल आतल्या बाजूला, पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे. पैसे मात्र शेकड्याच्या दरानं, इतरांना देत तेच.

एकदा दादानं शंभर पावतीपुस्तकांना कव्हरं उलटी चिकटवली. काकांनी रात्री बसून सगळी सोडवली, पुन्हा बांधली, आणि त्या आठवड्याच्या पैशातून वाया गेलेल्या कागदाचे पैसे कापले. आई चिडली. "आजारी माणसाचे पैसे कापतात?" दादा म्हणाला, "चूक माझी होती ना." अख्खं वाक्य. कितीतरी महिन्यांत इतकं सलग तो बोलला नव्हता. दया करणारी माणसं आम्हाला पुष्कळ भेटली होती. त्याची चूक त्याच्या नावावर मांडणारे काका पहिले.

2009 साली अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो. 1995 च्या कायद्यात मानसिक आजाराची गणना अपंगत्वात झाली होती, पण घरात तो शब्द उच्चारायलाच आम्हाला चौदा वर्षं लागली. आईचं वय होत होतं. आपल्यामागे याचं काय, हा एकच घोर. मोजमाप 'आयडियाज' नावाच्या भारतीय मोजपट्टीनं होतं: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आजाराच्या वर्षांचे आणखी चारपर्यंत. वीसपैकी सात झाले की चाळीस टक्क्यांची रेघ गाठते. आदल्या रात्री आई मला म्हणाली, "कामाचं बोलू नकोस. कमावतो म्हटलं तर टक्के कमी होतील." मी मान डोलावली.

डॉक्टरबाईंनी दादालाच विचारलं, "दिवसभर काय करता?"

मी टेबलाखाली त्याचा हात दाबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "मी बाइंडिंग करतो."

सरकारी टेबलासमोर आपल्याला काही येत नाही असं त्यानं म्हणावं, एवढंच मी त्याच्याकडे मागत होतो. अकरा वर्षांत त्यानं मिळवलेली एकुलती एक गोष्ट. मी ती पुसायला निघालो होतो, त्याच्याच भल्यासाठी म्हणून.

बाईंनी विचारलं, "रोज जाता? किती वेळ?" त्याला सांगता येईना. त्यांनी पुढची तारीख दिली आणि कामाच्या ठिकाणाहून काही लेखी आणायला सांगितलं. मी काकांकडे ओशाळून गेलो. त्यांनी फळीवरून लाल कापडी पाठीच्या वह्या काढल्या, 1998 पासूनच्या. तारीख, फर्मे किती, पैसे किती. कुठं तीनशे, कुठं चाळीस. मध्येच सतरा दिवस काहीच नाही. बाकीच्या कामगारांच्या पानांवर अशा दिवसांपुढे 'खाडा' लिहिलेलं होतं. दादाच्या पानावर तिथं 'बरं नाही' असं होतं. दर वेळी, प्रत्येक तारखेपुढे.

डॉक्टरबाईंनी त्या वह्या बराच वेळ चाळल्या. किती काम होतं, किती होत नाही, कुणाच्या आधारानं होतं, सगळं त्यात होतं. दाखला मिळाला, तोही एक अक्षर खोटं न बोलता. आईनं झेरॉक्स काढून देवघरात ठेवला. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, नवं कार्डही आलं. पण काम नसलेल्यांच्या रांगेत दादा कधी उभा राहिला नाही, तो त्या पुठ्ठ्यांच्या थप्पीमागच्या स्टुलामुळे.

मार्च 2020 मध्ये दुकान बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. पुढच्या वर्षी काका गेले. आम्हाला दहा दिवसांनी कळलं. दादाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त त्या दिवशी अकरा वाजता चपला घालून दारात उभा राहिला. मी त्याच्याबरोबर बोळापर्यंत गेलो. शटरपाशी थांबलो आणि परत आलो.

दिवाळीच्या आधी काकांचा मुलगा घरी आला. हातात शेवटची वही आणि ती हाडाची पट्टी. "बाबांचा हिशेब बघत होतो. मार्चचे तुमच्या दादांचे एकशे पाच रुपये बाकी दिसतात." मी म्हटलं, "अहो, राहू द्या." माझी ती जुनी खोड, दादाच्या वतीनं बोलायची.

दादानं हात पुढे केला. पैसे दोनदा मोजले. मग पेन मागितलं आणि बाकीच्या रकमेपुढे, हात थरथरत असताना, सावकाश सही केली.