लिंक कुठं द्यायची?

जुन्नरच्या पर्यटनावर वेबसाइट चालवणाऱ्याची पहिली अडचण अशी, की तालुक्यातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींवर कमिशन मिळत नाही. नाणेघाटाच्या लेण्यातला नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख पाहायला बुकिंग लागत नाही, शिवनेरी चढायलाही नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वांना पाहता येतात. तिथंही विकण्यासारखं काही नसतं. अफिलिएट लिंक मिळते ती भीमाशंकरला नेणाऱ्या गाडीची, तंबूतल्या मुक्कामाची, ट्रेकच्या गटाची. वाचकानं त्या लिंकवरून बुकिंग केलं, की कंपनी वेबसाइटवाल्याला त्याचा टक्का देते.

म्हणून फुकटची ठिकाणं गाळणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. वाचक येतो तो त्यांच्यासाठीच.

लेण्याद्रीचं पान घ्या. ‘अविस्मरणीय अनुभव’ असं लिहून खाली भडक बटण लावलं, तर ते कोण दाबणार? वाचकाला काळजी असते आईच्या गुडघ्यांची. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, डोली मिळते, पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, गिरिजात्मज बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात आहे, उन्हाळ्यात सकाळी लवकर चढलेलं बरं. एवढं सांगून झालं, ओझरचा विघ्नेश्वर त्याच दिवशी होतो हेही सांगितलं, की मग गाडीची लिंक द्यावी. शंका फिटते तिथंच ती शोभते.

बुकिंग या भागाला नवं नाही. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात आणि फड, तारीख, सुपारी सगळं समोरासमोर ठरवतात. यात्रेची तारीख हलत नाही, त्यामुळे बोलणं तिच्यापासूनच सुरू होतं.

सहलीचंही तसंच आहे. नाणेघाटाचा उलटा धबधबा भर पावसाळ्यातल्या वाऱ्यातच दिसतो, भीमाशंकरच्या रानातले काजवे पावसाच्या तोंडावर, नारायणगावची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च. त्या त्या हंगामाच्या महिनाभर आधी पान ताजं करून ठेवलं पाहिजे. काजव्यांच्या सहलीची लिंक देताना विजेरी आणि गाडीचे दिवे बंद ठेवण्याची सूचना लिंकच्या वर हवी. उजेडानं काजव्यांचं मीलन बिघडतं. धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम निघाला, तर लिंक त्याच दिवशी काढायची, कमिशन बुडालं तरी.

कमिशन मिळतं हे लपवायचं कशाला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जाहिरातीमागचा आर्थिक संबंध उघड करावा लागतो. लिंकच्या शेजारीच साध्या मराठीत एक वाक्य लिहिलं की काम होतं. तळाशी बारीक अक्षरात ते कोणी वाचत नाही.

जुन्नरला 2018 मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. पण आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात चार पाहुण्यांना इंद्रायणीचा भात वाढणाऱ्या घराकडे अफिलिएटची यंत्रणा कुठून असणार? तिथं साधी सोय पुरते. वेबसाइटवाल्यानं एक खुणेचा शब्द ठरवून द्यावा, पाहुण्यानं तो फोनवर सांगावा, यजमानानं वहीत टिपून ठेवावा आणि हिशेब महिनाअखेरीस व्हावा. मात्र त्या घरी आधी स्वतः राहून, जेवून यायला हवं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात रेंज जाते-येते, तेव्हा फोन कोणत्या वेळी लागतो तेही यजमानाला विचारून नंबरापुढे लिहावं.