पहिले पाचशे किलोमीटर

दसऱ्याच्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि दुकानापासून घरापर्यंतचे दोन किलोमीटर मी सायकलच्या वेगाने कापले. पहिल्याच वळणावर हाराचा दोरा हँडल आणि दिव्याच्या मध्ये अडकला. हँडल पुरते वळेना. गाडी थांबवून हार काढला, जवळच्या पिंपळाला वाहिला आणि पुढे निघालो. नव्या गाडीचा हार पूजा होताच उतरवावा, हे शहाणपण मला अडुसष्टाव्या वर्षी आले.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, हे गाडी विकायचं वय आहे, घ्यायचं नाही." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु सेलू तालुक्यात आमचे चार एकर शेत आहे आणि तिथवर जाणाऱ्या पांदणीतील चाकोऱ्यांत स्कूटरची लहान चाके फसतात. मोटारसायकलची चाके मोठी असल्याने खड्ड्यात ती अधिक स्थिर राहते. शेवटी तोडगा निघाला. आधी डॉक्टरांची तपासणी, नंतर पाचशे किलोमीटर एकट्याने आणि त्यानंतरच सौभाग्यवतींना मागे बसवायचे.

डॉक्टरांनी रक्तदाबाआधी मान वळवून पाहिली. मागचे वाहन पाहण्यासाठी मान खांद्यापर्यंत वळलीच पाहिजे, केवळ आरशावर भागत नाही. मग तळपायांना स्पर्श कळतो का, ते पाहिले. मधुमेहात तळव्यांची जाणीव बोथट झाली, तर ब्रेकवर पाय किती दाबला गेला, हेच उमजत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली तरी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी घरी परतायचे ठरले. प्रोस्टेटच्या गोळीने उभे राहताना चक्कर येते, ही माझी जुनी तक्रार. ती गोळी त्यांनी रात्री झोपतेवेळी घ्यायला सांगितली. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत टिकू शकते, तेव्हा अशा दिवशी किल्ली खुंटीवरच राहू द्यायची. गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. माझा नियम दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

नवे इंजिन म्हणजे नवी चप्पल. आतील भाग एकमेकांवर घासून जुळायचे असतात. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत ताशी 45 चा वेग ओलांडू नये, असे लिहिले आहे. त्याहूनही मला महत्त्वाची वाटली ती दुसरी सूचना : फार वेळ एकाच वेगाने चालवू नका. वेग थोडा वाढवावा, थोडा उतरवावा, गिअर बदलत राहावे. म्हणून सरळसोट महामार्गापेक्षा गावोगावचे रस्ते बरे. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही.

पहिली फेरी सेवाग्रामची. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. 1936 साली गांधीजी मगनवाडीतून या गावी राहायला आले, तेव्हा हे शेगाव होते. 'सेवाग्राम' हे नाव पुढे 1940 मध्ये पडले. आश्रमाच्या अंगणात बसून मी हाताची बोटे मोकळी केली. भीतीने मुठी इतक्या आवळल्या होत्या की करंगळ्या बधिर झाल्या होत्या. मुठी सैल आणि कोपरे किंचित वाकलेली असली की हादरे खांद्यापर्यंत चढत नाहीत. नव्या टायरची कातडी गुळगुळीत असते. ब्रेकही नीट बसायला वेळ लागतो. म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी कलवायची नाही आणि एकदम ब्रेक दाबायचा नाही. थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे. थांबताना भार पुढे येतो, म्हणून पुढचा ब्रेक अधिक काम करतो. पण रेतीवर आणि वळणात त्याला हलक्या हातानेच दाबावे.

एक गोष्ट आपल्या वर्धेकरांना क्वचितच आठवते. जमनालाल बजाज ज्या बच्छराज शेटजींच्या घरी दत्तक आले, त्यांच्या नावाची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1945 मध्ये निघाली. 1948 पासून ती परदेशी दुचाकी आणून विकू लागली. तीच पुढची बजाज ऑटो. आणि याच वर्ध्याने विनोबांना पायी चालताना पाहिले.

पवनारला मी पडलो. पडलो म्हणजे, उभ्या उभ्या. धाम नदीकाठी, विनोबांच्या आश्रमाजवळ थांबताना डावा पाय टेकवला, तो नेमका खडीवर. गाडी हळूच कलली. तिचे वजन एकशे दहा किलोच्या वर, माझे बासष्ट. तिला सावरण्याचा मोह मी आवरला, हँडल सोडले आणि बाजूला झालो. आरसा वाकला, तो शंभर रुपयांत सरळ झाला. कंबर किंवा मनगट तसे सरळ होत नाही. त्या दिवसापासून थांबण्याआधी जमीन पाहतो, हँडल सरळ ठेवतो आणि मगच पाय टेकवतो.

शेताच्या वाटेवरचा धडा वेगळाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सोयाबीन वाळायला डांबरावर पसरलेले असते. गोल, गुळगुळीत दाणे, त्यावर टायर म्हणजे साक्षात गोट्यांवर पाय. "हळू घ्या जी, काका," एका मुलाने दुरूनच हाक दिली. मी उतरून गाडी ढकलत नेली. त्याला त्याचा हसरा निरोप आणि मला माझा श्वास, दोन्ही मिळाले. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी चिकण माती पावसात याहून वाईट. बोर अभयारण्याच्या बाजूने, हिंगणीकडे जाताना, तिन्हीसांजेला रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात, म्हणून तिकडे दुपारच्या आतच गेलो आणि परतलो.

एकटा फिरताना डब्यात पोळी-भाजी, पाणी आणि खडीसाखर ठेवत असे. चाळीस मिनिटांनी थांबायचेच. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पट्टा हनुवटीखाली घट्ट. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे, हे सौभाग्यवतींना सांगितले, तेव्हा त्यांनी अंबाड्याचे काय करू, असे विचारले. अंबाडा आता खाली, मानेवर येतो. परवान्याचेही आठवते ठेवावे : पंचावन्ननंतर तो पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो.

पाचशेदहा किलोमीटर झाले, तेव्हा पहिली सर्व्हिसिंग झाली. कारागिराने काळपट तेल उजेडात धरून दाखवले. त्यात धातूची बारीक चमक होती. "बसत आहे गाडी, काका," तो म्हणाला. साखळी ताणली, नट-बोल्ट आवळले, नवे तेल भरले.

त्या रविवारी सौभाग्यवती मागे बसल्या. आयुष्यभर त्या पदर सावरत एका बाजूला बसायच्या. यावेळी सलवार-कुर्ता घालून दोन्ही बाजूंना पाय टाकले, ओढणी आधीच गाठ मारून कुर्त्यात खोचली. मी दोन्ही पाय टेकवून "बस" म्हणेपर्यंत त्या अंगणातील पायरीवर उभ्या होत्या. केळझरच्या गणपतीपर्यंत जाऊन आलो. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. ज्या दिवशी त्या ती देणार नाहीत, त्या दिवशी मी बसने जाईन, असे मुलाला कळवले आहे. त्याने अजून उत्तर दिलेले नाही, पण गाडीचे छायाचित्र मागितले आहे.